अधांतरी उभं राहिलेलं चर्च

पेत्रोझावोद्स्कहून उन्हाळ्यात बोट सुटते. ओनेगा सरोवरावरून किझीकडे जाताना आधी घुमट दिसतात, बेट मागाहून. एकावर एक चढत गेलेले 22 घुमट, टोक 37 मीटर उंचीवर, आणि हे सगळं लाकडाचं. रशियाच्या करेलिया प्रांतातल्या खेडुतांनी 1714 साली उभारलेलं हे रूपांतरण चर्च. बांधून झाल्यावर नेस्तोर नावाच्या सुतारानं आपली कुऱ्हाड सरोवरात फेकून दिली, असं तिथले लोक सांगतात. पुन्हा असं काही घडवायचंच नव्हतं त्याला. ही आख्यायिकाच; पण त्या घुमटांकडे बघताना ती खरी वाटते.

भिंती पाइनच्या आडव्या ओंडक्यांच्या, कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत बसवलेल्या. त्यांना खिळा नाही. खिळे लागले ते घुमटांवरच्या अ‍ॅस्पेनच्या लाकडी कौलांना. अशी सुमारे 30 हजार कौलं आहेत. ऊनपाऊस खाऊन ती रुपेरी होतात, म्हणून लांबून घुमट धातूचे भासतात. आत शेकोटीची सोय नाही, त्यामुळे प्रार्थना फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यासाठी शेजारी दुसरं, लहान चर्च आहे.

लाकडाचा शत्रू म्हणजे ओल. एकोणिसाव्या शतकात भिंतींवर फळ्या ठोकल्या गेल्या, घुमटांवर पत्रा चढला. 1950च्या दशकात मूळ रूप परत आणायचं म्हणून वास्तुतज्ज्ञ अलेक्सांद्र ओपोलोव्हनिकोव्ह यांनी ते सगळं उतरवलं. रूप परतलं, पण ओंडके उघडे पडले. चर्च कलू लागलं. 1980 साली दरवाजे बंद झाले, आतली चित्रं हलवली गेली आणि चर्चच्या पोटात पोलादी सांगाडा उभा राहिला. 1990 साली युनेस्कोनं या वास्तूला जागतिक वारशाचा मान दिला, तेव्हाही आत जायला मज्जाव होता.

ओंडक्यांच्या इमारतीत खालचा ओंडका कुजला, तर एरवी वरून खालपर्यंत सगळं उतरवावं लागतं. किझीत तसं केलं नाही. चर्चचे सात आडवे पट्टे कल्पिले, वरचा सगळा भार जॅकनं उचलून सांगाड्यावर तोलला आणि सर्वांत खालचा पट्टा काढून घेतला. वर घुमट जागच्या जागी, खाली मोकळी हवा! काढलेला प्रत्येक ओंडका बेटावरच्याच कार्यशाळेत जाई. कुजलेला भाग तेवढा कापायचा, तिथे नव्या पाइनचा तुकडा सांधायचा, पट्टा जमिनीवर जुळवून पाहायचा आणि मग परत जागी बसवायचा. त्यानंतर त्याच्या वरचा. ओंडका बदलून टाकणं सोपं होतं. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडीचे घाव नव्या लाकडावर कुठून येणार? म्हणून जुनं जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं. माझ्या मते या कामाचं खरं मोठेपण या कंजूषपणात आहे.

2014 साली चर्चला 300 वर्षं पूर्ण झाली, तेव्हा काम चालूच होतं. उत्सवासाठी ते घाईनं उरकलं नाही, हे फार बरं झालं. 2020 साली काम संपलं. चाळीस वर्षांनी दार उघडलं. आत वेदीपुढची शंभराहून अधिक संतचित्रं पुन्हा आपल्या जागी होती, आणि भिंतींत जुन्या काळवंडलेल्या ओंडक्यांमध्ये सांधलेले नवे तुकडे पिवळसर, वेगळे उठून दिसत होते.