मानेत ब्लॉकेज निघालं, पुढे काय?

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये मानेची डॉपलर सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर ‘कॅरोटिड धमनी ७० टक्के अरुंद’ असं लिहून येतं. घरात लगेच चर्चा सुरू होते: ऑपरेशन की स्टेंट? त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो. या धमनीने आजवर काही लक्षण दाखवलं आहे का? उपचाराची सारी दिशा त्या उत्तरावर ठरते.

जबड्याखाली, मानेच्या बाजूला बोट ठेवलं की जी ठसठशीत नाडी लागते, ती कॅरोटिडची. तिथेच वर ती दुभंगते. एक फाटा मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. या दुभंगाशी रक्ताचा प्रवाह भोवरतो आणि भिंतीवर चरबीचा, पुढे कॅल्शियमचा थर साचतो. रक्त कमी पोहोचतं हा धोक्याचा एक भाग झाला. मोठा धोका असतो तो हा थर तडकण्याचा. त्यावर धरलेली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. कधी गुठळी लहान असते, विरघळून जाते. मग एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा आल्यासारखं होतं, एका बाजूचा हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं आणि सगळं पूर्ववत होतं. ‘झोप झाली नसेल’ म्हणून माणूस कामाला लागतो. हा गैरसमज फार महाग पडतो, म्हणून त्याबद्दल पुन्हा पुन्हा बजावायला हवं. उलट नुसती चक्कर आली, तर त्यामागे सहसा ही धमनी नसते.

१९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ६६ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला असे ३३ झटके येऊन गेले होते. ईस्टकॉट आणि रॉब या शल्यविशारदांनी, फिजिशियन पिकरिंग यांच्यासह, तिचं शरीर सुमारे २८ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलं, म्हणजे रक्त थांबलेल्या मिनिटांत मेंदू तग धरेल. धमनीचा रोगट भाग कापून टोकं जोडली. झटके थांबले. त्याआधी एक वर्ष ह्यूस्टनमध्ये मायकेल डबेकी यांनी धमनी उघडून आतला थर खरवडून काढला होता. आजचं ‘एंडार्टरेक्टॉमी’ हे ऑपरेशन त्याच वाटेचं.

ऑपरेशन जगभर पसरलं. त्याचा फायदा नेमका कुणाला, हे मात्र पुढची अनेक वर्षं कुणी नीट तपासलं नव्हतं. कॅनडाचे हेन्री बार्नेट यांनी ते काम केलं. मेंदूच्या धमन्यांना बाहेरून जोड देणारी, तेव्हा गाजत असलेली बायपास शस्त्रक्रिया पक्षाघात टाळत नाही, हे त्यांच्याच चाचणीने १९८५ मध्ये दाखवलं होतं. १९९१ मध्ये त्यांनी कॅरोटिडचे निकाल मांडले. लक्षणं येऊन गेलेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या रुग्णांपैकी, फक्त औषधांवर असलेल्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत धमनीच्या त्याच बाजूच्या मेंदूत पक्षाघात झाला. ऑपरेशन झालेल्यांत ९ टक्क्यांना. इतका ठळक फरक वैद्यकात क्वचित दिसतो. फरक ५० ते ६९ टक्क्यांत माफक राहिला आणि ५०च्या खाली उरलाच नाही. धमनी पूर्ण बंद असेल, तर ती उघडण्याचं ऑपरेशन सहसा करत नाहीत. पुढच्या विश्लेषणांतून आणखी एक गोष्ट कळली: झटक्यानंतरच्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालं तर फायदा सर्वाधिक. ‘दिवाळी झाल्यावर बघू’ हे इथे चालत नाही.

दुसरा पर्याय स्टेंटचा, म्हणजे धमनी आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीचा. तो मांडीतून किंवा मनगटातून जातो, मान कापावी लागत नाही. ऑपरेशन आणि स्टेंट यांची तुलना करणाऱ्या २०१० च्या ‘क्रेस्ट’ चाचणीत २,५०२ रुग्ण होते. उपचाराच्या काळात स्टेंटवाल्यांत पक्षाघात जास्त झाले (४.१ विरुद्ध २.३ टक्के), तर ऑपरेशनवाल्यांत हृदयविकाराचे झटके (२.३ विरुद्ध १.१). सत्तरीच्या पुढे ऑपरेशन सरस ठरलं, त्याआधी स्टेंट.

आता लक्षणंच नसलेला रुग्ण. इथे मला घाई खटकते. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची अशी सरसकट तपासणी करू नये, असं २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. २०२५ अखेर निकाल आलेल्या ‘क्रेस्ट-२’ चाचण्यांनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद, पण मूक धमन्या पाहिल्या. सुरुवातीच्या काळातला पक्षाघात वा मृत्यू आणि नंतर चार वर्षांपर्यंतचा, धमनीच्या त्याच बाजूच्या मेंदूतला पक्षाघात मोजला. फक्त औषधांवर ६ टक्के, स्टेंटसह २.८ टक्के. ऑपरेशनच्या समांतर चाचणीत ५.३ विरुद्ध ३.७, हा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे शंभरातल्या ९४-९५ जणांना नुसत्या औषधांवर चार वर्षं यातलं काही झालं नाही. शिवाय स्टेंट घालणारे हात निवडून, पारखून घेतलेले होते.

म्हणून डॉक्टरांना विचारावं: तुमच्याकडे या उपचारात पक्षाघात किंवा मृत्यू किती टक्के? लक्षणं नसतील तर ३ टक्क्यांपेक्षा कमी, असतील तर ६ पेक्षा कमी, ही जगभर मानली जाणारी मर्यादा आहे. हे विचारण्यात उद्धटपणा नाही, चांगला डॉक्टर सरळ उत्तर देतो. भारतीयांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतं, तेव्हा सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत त्याही पाहून घ्याव्यात.

कोणताही मार्ग निवडला तरी औषधं सुटत नाहीत. ‘क्रेस्ट-२’मध्ये एलडीएल कोलेस्टेरॉल ७०च्या खाली आणि वरचा रक्तदाब १३०च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य सगळ्याच गटांना होतं. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. स्टेंटनंतर किमान चार आठवडे अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही लागतात. मधेच दात काढायचा झाला, तरी ज्यांनी स्टेंट घातला त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नये.