जनरल रजिस्टरातले ब्रह्मांड

'पिंडी ते ब्रह्मांडी' हे वचन कीर्तनातून आपल्या कानांवर इतक्या वेळा पडलेले असते, की त्याचा अर्थ पडताळून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. देहात विश्व सामावले आहे किंवा कसे, हे तत्त्वज्ञांनी ठरवावे. परंतु सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील एखाद्या जुन्या मराठी शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, तर निदान अर्धा खानदेश त्यात सापडतो, हे शिक्षकी पेशातील माणूस खात्रीने सांगू शकेल.

या वहीतील 'जन्मस्थळ' हा रकाना प्रथम वाचावा. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव! ही उधना-जळगाव लोहमार्गावरील स्थानकांचीच नामावली होय. मुलताईला उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून सुरतेजवळ समुद्राला मिळते. कोरडवाहू शेतीने ज्यांना पोसले नाही, ती माणसेही त्याच दिशेने वाहत आली आणि यंत्रमागांवर उभी राहिली. 1972च्या दुष्काळासारख्या वर्षांनी या ओघाला जोर दिला.

'मातृभाषा' या रकान्यात सर्वत्र 'मराठी' लिहिलेले असते. वास्तविक यांतील कितीतरी मुले घरी अहिराणी बोलतात. आरशालाही कुठे कुठे पारा उडालेला असतो, तो असा. जन्मतारखांचेही तेच. 1 जून हा दिवस जुन्या पानांवर इतक्या वेळा येतो, की साऱ्या वस्तीचा जन्म शाळा उघडण्याच्या मुहूर्तावरच झाला असावा! आईला आठवत असे ते 'आखाजीच्या आसपास' किंवा 'पोळ्याला'; गुरुजींना मात्र तारीख हवी असे.

परंतु खरा इतिहास 'शाळा सोडल्याचे कारण' या शेवटच्या अरुंद रकान्यात दडलेला असतो. तेथे बहुधा 'परगावी गेल्यामुळे' एवढेच शब्द असतात. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे गाड्या भरभरून शहर सोडून गेली. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. 2008च्या अखेरीस अमेरिकेत पेढ्या कोसळल्या आणि येथे हिऱ्यांच्या घंट्या थांबल्या. 2020च्या टाळेबंदीत माग बंद पडले. कारणे निरनिराळी, ठिकाणे हजारो मैल दूरची. वहीत मात्र तेच दोन शब्द, तोच हिरवट शाईचा फराटा. प्लेगनंतर एस. आर. राव या आयुक्तांनी शहराचा कायापालट केला आणि 2023च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळविला, ही गोष्ट अभिमानाची खरी. पण परत आलेल्या मुलांची नोंद करायला रजिस्टरात स्वतंत्र रकाना नाही.

अलीकडे त्या रकान्यात 'माध्यम बदल' हे कारण वारंवार दिसू लागले आहे. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठीखेरीज गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालविते. आपल्या मुलाची भाकरी कोणत्या भाषेत आहे, याचा हिशेब मागावरचा बापही करतो. तथापि वर्ग रिकामे होत गेले, तर ही वही कोणाच्या स्वाधीन करायची, हा प्रश्न केवळ भावनेचा नाही.

कारण 'जात' या रकान्याला कायद्याचे वजन आहे. इतर मागासवर्गीयांसाठी महाराष्ट्रात 13 ऑक्टोबर 1967 हा दिनांक मानला जातो. त्या दिवशी कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी असल्याचा पुरावा लागतो. गुजरातेत सवलत मागावी तर 1 एप्रिल 1978 आडवा येतो. त्यानंतर तापीकाठाने इकडे आलेल्या घराण्यातील मुलाला म्हणून येथे पुरावा पुरत नाही. मग तो आजोबांच्या गावची शाळा शोधत अमळनेरची गाडी पकडतो. तेथील वही वाळवीने खाल्ली नसेल, तर कोण्या गुरुजींनी बोरूने लिहिलेली एक ओळ त्याला मिळते, आणि तिची नक्कल घेऊन तो रात्रीच्या गाडीने उधन्याला उतरतो.