दोन वर्षांच्या मुलाची शाळा

दोन वर्षांचे मूल घरात असले म्हणजे एकही वस्तू जागेवर राहत नाही. आई भाकरी थापायला बसली की ते परातीत हात घालते. आजी धान्य निवडू लागली की सूप ओढते. वडिलांच्या चपलांत पाय घालून अंगणभर फिरते. आपण म्हणतो, "काय द्वाड पोर आहे!" आणि त्याला उचलून बाजूला ठेवतो. आज मला एवढेच सांगायचे आहे, की ज्याला आपण लुडबुड म्हणतो तोच या वयाचा अभ्यास आहे. तो बंद पाडला तर नुकसान आपलेच आहे.

या वयात मुलाच्या आत काय चाललेले असते? वर्षाचे होते तेव्हा ते एखाददुसरा शब्द बोलत होते. दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांजवळ पन्नासेक शब्दांची पुंजी जमते आणि ते दोन शब्द जोडू लागते : "बाबा गेले", "दूध दे". दिसायला गोष्ट लहान, परंतु वाक्याचा जन्म होतो तो इथेच. बोटांना पकड येते, पाय धावू लागतात, आणि "मी करणार" हा हट्टही याच सुमारास सुरू होतो.

आणि नेमक्या याच वेळी मूल सर्वस्वी घरच्या माणसांच्या हाती असते. अंगणवाडीतले शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. त्याआधी तिथे मुलाचे वजन होते, लस दिली जाते, घरी नेण्यासाठी आहार मिळतो. पण त्याच्याशी बोलायचे कोणी, खेळायचे कोणी? ते काम घराचेच. केंद्र सरकारने २०२४ साली जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला, तोही मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हेच सांगण्यासाठी.

आपल्या मुलखाला हा विचार नवा नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने झाली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. मूल जिथे आहे तिथेच त्याचे शिक्षण न्यावे, हा त्यातला धडा. दोन वर्षांच्या मुलाला तर तो अधिकच लागू पडतो.

मग करायचे काय? वेगळा वेळ काढायला नको, कामच थोडे सावकाश करायचे. आंघोळ घालताना "आता हात, आता पाठ, आता पाय" असे बोलत जा. अवयवांची नावे पाठ करून घ्यावी लागणार नाहीत. भाकरी थापताना पिठाचा लहानसा गोळा त्याच्या हाती द्या. तो थापताना आणि चिमटीने तोडताना जी बोटे तयार होतात तीच पुढे पेन्सिल धरतात. वाळलेले कपडे आणताना "बाबांचा सदरा कुठला?" असे विचारा. दोन वाट्या आणि थोडे पाणी दिले तर अर्धा तास मूल रमते, आणि भरलेले-रिकामे, थोडे-जास्त हे हिशेब आपोआप शिकते. पुण्याच्या तुळशीबागेत भातुकलीचे सुरेख संच मिळतात. पण त्यातले बारीक तुकडे या वयात तोंडात जाण्याचे भय. घरातली वाटी-पळीच बरी.

बोलण्याची एक युक्ती सांगतो. मूल "भूभू" म्हणाले तर त्याला दुरुस्त करू नका, त्यात भर घाला : "हो, काळा भूभू पळाला." आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. त्याला शब्द शोधायला वेळ लागतो, आणि आपण घाईने उत्तर देऊन टाकतो! बोली आपली घरचीच असू द्या. अहिराणी असो की वारली, आईच्या तोंडची भाषा अशुद्ध नसते.

हट्टाचेही तसेच. शब्द अपुरे आणि इच्छा मोठी, म्हणून ते भोकाड पसरते. तेव्हा धपाटा कामाचा नाही. "लाल सदरा की पिवळा?" अशी निवड द्या. जेवण, झोप रोज ठरल्या वेळी असली की निम्मा हट्ट होतच नाही.

रडे थांबवायला मोबाईल हाती देण्याची सवय मात्र सोडावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसवू नये, त्याहून कमी तर उत्तमच. कारण उघड आहे. पडदा बोलतो, पण मुलाचे ऐकून घेत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. शेंगदाणे, फुटाणे घशात अडकतात, ते अख्खे देऊ नका. भरलेली बादली, हौद, विहीर यांजवळ मूल क्षणभरही एकटे नको.

शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना एक विनंती. दीड वर्षाचे होऊनही मूल चालत नसेल, दोन वर्षांचे झाल्यावरही दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा आलेले शब्द विसरू लागले असेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू देऊ नका. आधी कान तपासायला हवेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्याला मूल दाखवा. नाहीतर आईबापांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. लवकर कळले तर पुष्कळ करता येते.

मुलाला कामात घेतले की काम लांबते, पीठ सांडते, हे खरेच. पण पीठ झाडून घेता येते. हे वर्ष परत येत नाही.