फळ्याचा फोटो आणि एजंटसाठी लिहायचं माहितीपत्रक

धुळ्याच्या देवपूर भागात तास संपला की मुलं आधी मोबाइल काढतात. व्हाइटबोर्डचा फोटो ग्रुपवर गेला की वहीत उतरवून घ्यायची घाई राहत नाही. पण तो फोटो तिरका असतो. खिडकीकडची बाजू उजळलेली, दुसरी बाजू राखाडी आणि मधोमध ट्यूबलाइटचा चकाकता पट्टा. असा फोटो सरळ आणि स्वच्छ करण्यासाठी फ्रेड वाइनहाउस यांची ‘व्हाइटबोर्ड’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरवर चालते. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत असताना इमेजमॅजिक लिहायला घेतलं आणि १९९० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं.

हे काम आता एआय एजंटवर सोपवता येतं. ‘या फोल्डरमधले सगळे फळे साफ कर आणि मजकूर टाइप करून दे’ एवढं सांगितलं की तो साधनाची माहिती वाचतो, आज्ञा जुळवतो आणि चालवतो. अडचण त्या माहितीत असते. ती माणसासाठी लिहिलेली असते, आणि तिच्यातली गाळलेली जागा माणूस फोटोकडे बघून भरतो. एजंट तीच जागा अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. म्हणून आपल्या कॉलेजात किंवा क्लासमध्ये असं साधन एजंटच्या हाती देणार असाल, तर त्याच्यासाठी वेगळं माहितीपत्रक लिहायलाच हवं.

पहिली गोष्ट आज्ञेच्या नावाची. इमेजमॅजिकची मुख्य आज्ञा पूर्वी ‘कन्व्हर्ट’ होती, सातव्या आवृत्तीपासून ती ‘मॅजिक’ झाली. जुनी उदाहरणं अजून सगळीकडे पडून आहेत आणि एजंट तीच वाचून तयार झालेला असतो. विंडोजमध्ये मात्र ‘कन्व्हर्ट’ ही वेगळीच आज्ञा आहे. ती डिस्कची फाइल-रचना फॅटवरून एनटीएफएसवर नेते. तेव्हा कोणत्या संगणकावर, कोणत्या आवृत्तीत, कोणतं नाव वापरायचं हे स्पष्ट लिहावं. शिवाय ‘व्हाइटबोर्ड’ ही बॅश स्क्रिप्ट असल्याने ती लिनक्स किंवा मॅकवर सहज चालते, विंडोजवर आधी तशी सोय करून घ्यावी लागते.

मग येतात फळ्याचे चार कोपरे. तिरका फळा सरळ करायचा तर चारही कोपरे फोटोत कुठे आहेत ते आकड्यांत द्यावं लागतं. इथे एजंट हमखास फसतो, कारण मोठा फोटो त्याच्यापुढे बऱ्याचदा लहान करून ठेवलेला असतो. समजा मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे आणि एजंटला १००० पिक्सेलचा दिसतो. त्याला डावीकडचा वरचा कोपरा १२०, ९० या जागी दिसला, तर मूळ फोटोत तो ४८०, ३६० वर असतो. चारने गुणायला कुणी सांगितलं नाही, तर तो १२०, ९० हेच आकडे देतो. फळ्याच्या एका तुकड्याबरोबर भिंत, कॅलेंडर आणि पंख्याचं बटणही सरळ होऊन येतं. आज्ञा मात्र यशस्वी झाल्याचंच कळवते. मोबाइलचा उभा-आडवा फोटो हाही याच घोळाचा भाग. फोटो कोणत्या बाजूने बघायचा ही खूण फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते. म्हणून आधी ‘ऑटो-ओरिएंट’ करावं आणि मग कोपरे मोजावेत, हा क्रम माहितीपत्रकात ठळकपणे यावा.

आता साफसफाई. तिच्यात प्रत्येक पिक्सेलची तुलना भोवतालच्या छोट्या चौकोनाच्या सरासरीशी होते. त्यामुळे खिडकीकडचा उजेड आणि कोपऱ्यातला अंधार दोन्ही एकाच पांढऱ्यावर येतात. चौकोनाचा आकार मार्करच्या रेघेच्या जाडीपेक्षा मोठा हवा, नाहीतर जाड अक्षरं आतून पोकळ दिसतात. दुसरा आकडा ‘ऑफसेट’चा. तो वाढवला की डाग जातात, आणि फार वाढवला की सुकत आलेल्या मार्करच्या फिकट रेघाही जातात.

देवनागरीसाठी इथे फार जपावं लागतं. रोमन लिपीत गेलेला ठिपका बहुतेक वेळा अंदाजाने भरून काढता येतो. आपल्याकडे अनुस्वार उडाला की ‘नंदी’ची ‘नदी’ होते, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्याने एजंटला शंकासुद्धा येत नाही. गणिताच्या फळ्यावर दशांशचिन्ह उडालं तर त्याहून वाईट. फळ्यावर मागच्या तासाचे अर्धवट पुसलेले ठिपके असतात, तेवढ्याच आकाराचा अनुस्वार असतो, आणि साधनाला दोन्ही सारखेच. म्हणून ‘डाग राहिले तरी चालतील, ठिपका जाता कामा नये’ असा अग्रक्रम माहितीपत्रकात शब्दांत लिहावा. शिरोरेषेच्या वरच्या भागाची मूळ फोटोशी तुलना करायला सांगावं. चांगला निकाल आणि बिघडलेला निकाल, असे दोन्ही नमुना-फोटो सोबत ठेवावेत. ‘काम नीट झालं का ते तपास’ एवढ्याने काहीच तपासलं जात नाही.

जुनी कागदपत्रं गोळा करणारे इतिहासकार वि. का. राजवाडे यांचं निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झालं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. अस्सल कागद आणि त्याची नक्कल वेगळी ठेवण्याची शिस्त या गावाला नव्याने शिकवायला नको. तीच इथे लावावी. मूळ फोटोवर कधीही लिहायचं नाही, निकाल नव्या नावाने साठवायचा, आणि कोणते आकडे वापरले ते शेजारी नोंदवायचं. मजकूर टाइप करतानाही हाच नियम. फळ्यावर अहिराणी बोलीत ‘शे’ लिहिलं असेल, तर एजंटने ते ‘आहे’ करून सुधारायचं नाही. वाचता आलं नाही तिथे जागा सोडून ‘अवाच्य’ लिहायचं.

हे सगळं एक-दोन पानांत बसतं, बसायलाच हवं. लांबलचक माहितीत महत्त्वाची ओळ एजंटच्याही नजरेतून सुटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने एजंटला साधनांशी जोडणारी एमसीपी ही पद्धत खुली केली. तिच्यात साधनाचं वर्णन थेट एजंटपुढे येतं, त्यामुळे तिथला प्रत्येक शब्द मोजूनमापून लिहावा लागतो.

परवान्याची ओळ मात्र सगळ्यात वर असू द्या. वाइनहाउस यांच्या स्क्रिप्ट फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत आहेत. फी घेऊन चालणाऱ्या क्लासला त्या वापरण्याआधी त्यांच्याशी संपर्क साधून परवाना घ्यावा लागतो.