‘पडले’ या शब्दामागे

घोडबंदर रोडवर दवाखाना चालवताना ‘पडले’ हा शब्द मी असंख्य वेळा ऐकला आहे. बहुधा तो खराच असतो. परंतु एका प्रसंगाने मला तो तपासून घ्यायला शिकवले. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदलले आहेत.

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे वळ होते. त्यांना केवळ कन्नड येत असे. त्यांचा मुलगा दुभाष्याचे काम करीत होता. “न्हाणीघरात घसरली,” असे त्याने सांगितले आणि मी मलम लिहून दिले. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा कन्नड जाणणारी माझी परिचारिका त्यांच्याशी एकांतात बोलली. हात मुलानेच उगारला होता. ज्याच्याविषयी विचारायचे, त्याच्याच तोंडून मी उत्तर ऐकले होते.

ही चूक माझी होती. परंतु व्यवस्थेतही तीच उणीव आहे. कौटुंबिक हिंसाचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तरुण विवाहिता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही ४९ वर्षांपर्यंतच्याच स्त्रियांना याविषयी विचारले जाते. मग परभाषिक आजी, येऊरच्या पाड्यावरील वारली स्त्री, बांधकामावरील स्थलांतरित मजूर स्त्री किंवा कर्णबधिर व्यक्ती यांनी कोणाकडे जावे? तृतीयपंथी व्यक्तींची अडचण तर कायद्यापासूनच सुरू होते. भारतीय न्याय संहितेतील बलात्काराचे कलम केवळ स्त्रियांना संरक्षण देते आणि तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराची कमाल शिक्षा अवघी दोन वर्षे आहे.

ज्येष्ठांना कायद्याचा आधार आहे, हे मात्र आवर्जून लक्षात ठेवावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आई, सासू, बहीण यांनाही लागू होतो. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सुनेविरुद्ध किंवा मुलीविरुद्धही त्याखाली दाद मागता येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार निर्वाहभत्त्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्वतः जाणे शक्य नसेल, तर आपण अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही तो करू शकते. घर बक्षीसपत्राने देताना ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे त्यात लिहून घ्यावे. अट मोडल्यास ते रद्द करून घेता येते.

लैंगिक अत्याचार वय पाहून होत नाही. आंघोळीच्या वेळी अचानक वाटू लागलेली भीती, मांड्यांच्या आतील बाजूचे वळ, पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव यांमागे इतर कारणे असू शकतात. पण डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीबाबत तर अधिकच जागरूक राहावे. अशा पीडित स्त्रीवर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे सरकारी आणि खासगी, सर्वच रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवण्याची अट नाही.

मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. पीडित स्त्री रुग्णालयात येतेच, तर समुपदेशनही तिथेच मिळावे, हा त्यामागील विचार होता. पुढे मुंबई महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. ज्येष्ठांना, परभाषिकांना आणि तृतीयपंथीयांनाही सामावून घेणारी अशी सोय आपल्या घराजवळ असावी, हा आग्रह ज्येष्ठ नागरिक संघांनी धरायला हवा.

तोवर आपण एवढे करू शकतो. शेजारच्या आजी-आजोबांना एकटे गाठून, त्यांच्याच भाषेत, “घरी भीती वाटते का?” असे विचारावे. ज्येष्ठांसाठी १४५६७, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ ठेवावेत.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपला थकवा मी रोज पाहतो. थकणे हा गुन्हा नव्हे. संताप अनावर होऊ लागला, तर क्षणभर खोलीबाहेर जा, घरातल्या दुसऱ्याला हाक मारा आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. हात उगारला जाण्याआधी मागितलेली मदत दोघांनाही वाचवते.

त्या आजी आता मुलीकडे राहतात. तपासणीला आल्या की मी प्रथम नातेवाइकांना बाहेर बसवतो.