व्हिडिओ गेम ‘मुलग्यांचे’ कधी झाले?

“गेम म्हणजे मुलग्यांचे खूळ!” हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहज बोलले जाते, की त्यालाही जन्मसाल असेल हे कुणाच्या मनात येत नाही. ते साल साधारण १९८५ आहे आणि जन्मस्थान अमेरिकेतील खेळण्यांची दुकाने.

त्याआधी चित्र निराळे होते. अटारी कंपनीने १९७७ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या जाहिरातींत आई, वडील, मुलगा, मुलगी असे सारे कुटुंब टीव्हीसमोर बसलेले दिसे. यामागे काही थोर हेतू नव्हता. यंत्र घरासाठी होते आणि पैसे आईवडिलांकडे होते. तिकडे जपानमध्ये तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ तयार केला, तो मुली आणि स्त्रियाही गेम खेळायला याव्यात म्हणून. गोळीबाराऐवजी खाणे हा विषय त्यांनी त्यासाठीच घेतला. (मुलींना गोळीबार नकोच असतो, असे मात्र समजू नका. १९८२ चा ‘रिव्हर रेड’ हा विमानातून मारा करण्याचा गेम कॅरोल शॉ या बाईंनी लिहिला.)

मग बाजार कोसळला. निकृष्ट गेमचा सुकाळ झाला, गिऱ्हाईक विटले. अमेरिकेतील घरगुती गेमची उलाढाल १९८३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलर होती, ती १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास आली. अटारीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या गेल्या. दुकानदार व्हिडिओ गेमचे नावही काढू देईनात. अशा वेळी, १९८५ मध्ये, निन्टेन्डो ही जपानी कंपनी आपले यंत्र घेऊन अमेरिकेत आली. तिने युक्ती केली. यंत्रासोबत प्लॅस्टिकचा एक यंत्रमानव दिला आणि सारा संच खेळणे म्हणून विकायला ठेवला.

खेळण्यांच्या दुकानात फळ्या वाटलेल्या असतात. एका बाजूला बाहुल्या आणि भातुकली, दुसऱ्या बाजूला मोटारी आणि बंदुका. यंत्रमानव कुठे बसला, हे सांगायला नको. फळी मुलग्यांची, म्हणून जाहिरातीत मुलगे. जाहिरातीत मुलगे, म्हणून आईवडील मुलग्यासाठीच घेणार. आणि मग कंपन्या म्हणणार, पाहा, आमचे गिऱ्हाईक मुलगेच आहेत! १९८९ मध्ये निन्टेन्डोने हातात धरून खेळायचे यंत्र काढले, त्याचे नावच ‘गेम बॉय’.

या काळातील एक गंमत विद्यार्थ्यांना आवडेल. १९८६ चा ‘मेट्रॉइड’ हा गेम. त्याचा नायक सामस डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात. गेम झटपट संपवला की चिलखत उतरते, आणि कळते की सामस ही बाई आहे. पण गेमसोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख सरळ पुरुष म्हणून होता. गुपित राखायचे होते हे खरे; पण ते राखता आले, कारण वाचणाऱ्याला शंकाच येणार नव्हती. विचारसरणी म्हणतात ती अशी असते. ती भाषण देत नाही, आपण काय गृहीत धरतो त्यात बसलेली असते.

पुढे मुलींची आठवण झाली, ती वेगळ्या फळीच्या रूपाने. १९९६ मध्ये बार्बीचे कपडे शिवण्याचा गेम आला आणि जोरात खपला. त्याच वर्षी ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली. धाडसी, हुशार नायिका. पण जाहिरातींत तिच्या धाडसापेक्षा तिच्या रूपाचीच चर्चा अधिक. खेळणारा मुलगा आणि पाहण्याची वस्तू ती, असा त्याचा अर्थ.

पालक म्हणतील, गेम नाही खेळला तर मुलीचे काय बिघडले? अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण १९८० च्या दशकाच्या मध्याला सुमारे ३७ टक्के होते. २०१० च्या सुमारास ते १८ टक्क्यांवर आले. दोष एकट्या जाहिरातींचा नाही. पण जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात केलेल्या अभ्यासात दिसले, की घरातला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असे. तो गेमच्या निमित्ताने यंत्राशी खटपट करीत वाढे. मुलगी वर्गात येई ती नवखी म्हणून, आणि आपल्याला बुद्धीच नाही असे समजून बसे. विद्यापीठाने प्रवेशाच्या आणि शिकवण्याच्या पद्धती बदलल्या. तिथे संगणकशास्त्राला नव्याने येणाऱ्यांत १९९५ मध्ये मुली सात टक्के होत्या, २००० मध्ये ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींची बुद्धी तर बदलली नव्हती!

जाहिरातीही थोड्या बदलल्या. २००६ मध्ये ‘वी’ या यंत्रासाठी निन्टेन्डोने पुन्हा सारे कुटुंब टीव्हीसमोर आणले, अटारीच्या जुन्या जाहिरातींसारखेच. पण सवय चिवट असते. ‘द लास्ट ऑफ अस’ हा गेम २०१३ मध्ये आला. त्यात एली नावाच्या मुलीची मोठी भूमिका आहे. वेष्टनावर तिला मागे ढकला, असे निर्मात्यांना सुचवले गेले. त्यांनी ऐकले नाही. चाचणीसाठी खेळाडू बोलावायचे होते, तेव्हा मुलींनाही बोलवा, हे त्यांना मुद्दाम सांगावे लागले.