साहेबाला एक, शिपायालाही एक

दिवाळीची सुटी संपून कचेऱ्या उघडल्या, की पहिले दोन-तीन दिवस फायलींपेक्षा डब्यांचीच उघडझाप अधिक होते. कुणाच्या पिशवीतून चिवडा निघतो, कुणाच्या शंकरपाळी. “आमच्याकडच्या चकल्या खाऊन तर पहा” असा आग्रह या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, आणि कामाला हात लागेपर्यंत दुपारचा चहा येतो. या साऱ्या फराळात एक पदार्थ मात्र असा आहे, की तो जणू कचेरीत नेण्यासाठीच जन्माला आला असावा. तो म्हणजे घरी केलेली नानकटाई.

तिचे गुण पहा. ती कोरडी असते, हाताला फारशी लागत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकते. लाडू वाटेत फुटतो, चकली हवा लागली की मऊ पडते. चिवड्याचे तर विचारूच नका! त्याला कागद लागतो, आणि वाटणाऱ्याच्या मुठीला माणसाचा हुद्दा बरोबर कळतो. साहेबांच्या कागदावर काजू पडतात आणि दाराशी बसणाऱ्याच्या वाट्याला तळाचा चुरा येतो. नानकटाई मोजून द्यावी लागते. साहेबाला एक, शिपायालाही एक. गोष्ट दिसायला लहान आहे. पण आपल्या महाराष्ट्रात ती लहान नव्हती.

बिस्किटाने गाजवलेले पुणे

भट्टीत भाजलेला पदार्थ दुसऱ्याच्या हातून घेऊन खाणे, हा एके काळी धर्म बुडवण्याचा प्रकार समजला जाई. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्या प्रमुखांत दादोबा पांडुरंग होते. मराठीचे व्याकरण १८३६ साली छापून प्रसिद्ध करणारे तेच हे दादोबा. जातिभेद मोडायचा, हा सभेचा एक मुख्य हेतू. सभासद होऊ इच्छिणाऱ्याची परीक्षा कशी घेत? ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे! सारे काही गुप्तपणे चाले. पुढे सभासदांची नावे बाहेर फुटली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. पावाचा एक तुकडा चारचौघांत खाण्याइतके बळ त्या काळच्या शिकलेल्या माणसातही नव्हते.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता बाजूला सारला. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापवली, आणि पुण्यात जे ग्रामण्य माजले ते थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. एवढ्या थोर माणसांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. आज आपण चहात बुडवून सहज तोंडात टाकतो त्या बिस्किटाचा हा इतिहास आहे.

नाव परके, चव घरची

आणि ही नानकटाई तरी कुठली? ‘नान’ हा रोटीसाठी असलेला फारसी शब्द. ‘खताई’ म्हणजे खता देशाची, अर्थात चीनकडची, अशी एक व्युत्पत्ती देतात. सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्यासाठी चालणाऱ्या भट्टीतून पुढे पारशी बेकरांच्या हाती नानकटाई तयार झाली, अशी हकीकत सांगितली जाते. मौज अशी, की मुले हल्ली ज्याला ‘कुकी’ म्हणतात तो शब्दही इंग्रजीत डच भाषेतूनच आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘छोटा केक’. ‘पाव’ तर पोर्तुगीजांचा. तो पायाने मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही आपल्याकडच्या सोवळ्या लोकांनी लढवलेली शक्कल!

इतक्या परक्या घरची ही पोर आपल्या फराळाच्या ताटात आली आणि करंजीशेजारी बसली. ती घरात आली ती बेकरीच्या वाटेने. पूर्वी घरोघरी ओव्हन नव्हते. मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बायका-मुले कोपऱ्यावरच्या बेकरीत जात. पाव निघाल्यावर भट्टीची धग उतरलेली असे. तेवढ्यात बेकरीवाला घरच्या नानकटाईचे पत्रे आत सरकवून द्यायचा. ज्या भट्टीची आजोबांना बाधा होत होती, तिच्याचपुढे नातवंडे रांग लावून उभी राहिली. कायदे पुष्कळ झाले, पण ही रांग कोणत्याही कायद्याने लावलेली नव्हती.

करायची कशी?

प्रमाण सोपे आहे. एक वाटी साजूक तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, चार चमचे रवा, वेलची-जायफळ आणि चिमूटभर सोडा. तूप थिजलेले घ्यावे आणि साखर घालून तळहाताने परातीत फेसावे. ते पांढरे आणि हलके झाले पाहिजे. थेंबभर पाण्यात टाकले तर तरंगावे. सारी मेहनत इथे आहे. फेसताना तुपात हवा शिरते, आणि नानकटाईचा खुसखुशीतपणा बराचसा त्या हवेचा असतो.

मग पिठे चाळून घालावीत आणि नुसती एकत्र करावीत. कणकेसारखी मळू नयेत. मळले की मैद्याला चिवटपणा येतो. पाणी किंवा दूध घालू नये. ओलावा नाही म्हणूनच ती टिकते. पेढ्याएवढे गोळे अंतर ठेवून मांडावेत आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटे भाजावेत. खालची बाजू बदामी झाली की काढावे. गरम असताना त्या मऊ लागतात, म्हणून आणखी भाजण्याचा मोह आवरावा. निवल्या की त्या आपोआप कडक होतात. डब्यात भरायच्या त्या पूर्ण निवल्यावरच. एवढ्या जिनसांत २५ ते ३० नानकटाया होतात.

एक गोष्ट मात्र पुरुष वाचकांना सांगायला हवी. कचेरीत डबा उघडून वाहवा घेणारे आपण, आणि रात्री अकरापर्यंत तूप फेसून जिचा खांदा भरून आला ती घरी! आता तर तीही सकाळी स्वतःची कचेरी गाठते. तेव्हा तूप फेसायला आपला हात लागला पाहिजे. ‘घरी केलेली’ या शब्दांत आपलेही घर येते, हे विसरून चालणार नाही.

डबा कुठवर फिरावा?

शेजारधर्माचा फराळ आणि कचेरीतला डबा यांत एक फरक आहे. शेजारणीचे ताट रिकामे परत करायचे नसते. तिच्या लाडवांवर आपल्या करंज्या जातात आणि हिशेब पुरा होतो. कचेरीतला डबा मात्र परतफेडीसाठी फिरत नाही. म्हणूनच तो कुठवर फिरतो, याला महत्त्व आहे. कित्येक ठिकाणी तो वरच्या टेबलांवर फिरून संपतो. फरशी पुसणाऱ्या मावशी, फाटकावरचा पहारेकरी, चहा आणणारा पोरगा यांच्यापर्यंत तो पोचलाच, तर झाकणात उरलेले तुकडे घेऊन पोचतो. १९५० साली संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. पण चहाच्या कपाटात एखादा कप अजूनही बाजूला ठेवलेला दिसतो, आणि तो कुणाचा हे कुणी विचारत नाही.

म्हणून डबा भरताना टेबले मोजू नयेत, माणसे मोजावीत. कंत्राटी माणसेही त्यांत धरावीत आणि वर दोन-चार नानकटाया जास्त ठेवाव्यात. आग्रह एकदाच करावा; कुणाला मधुमेह असेल, कुणाचा उपास असेल. आणि उलटही घडू द्यावे. मावशींनी घरून काही करून आणले, तर “नको, आत्ताच जेवलो” असे म्हणू नये. देणे सोपे असते. आपल्या समाजात खरी कसोटी होती आणि आहे ती घेण्याची. रानड्यांच्या पुण्यात एका बिस्किटाने ती कसोटी पाहिली. यंदा आपली पाहायला पंचवीस नानकटाया पुरेशा आहेत.